साधं हॅश फंक्शन कोलिजनसाठी कसं तपासायचं

हॅश फंक्शन म्हणजे कुठल्याही इनपुटावरून ठरावीक लांबीचा आकडा काढणारा हिशेब, आणि तो आकडा म्हणजे त्या इनपुटाचा हॅश. ३२ बिटांचं हॅश फंक्शन ४,२९,४९,६७,२९६ आकड्यांपैकी एक आकडा देतं. इनपुटं मात्र अमर्याद असतात. त्यामुळे कधी ना कधी दोन वेगळ्या इनपुटांचा हॅश सारखा येणारच, आणि त्यालाच कोलिजन म्हणतात. तपासणीत शोधायचं ते एवढंच : निव्वळ योगायोगाने जेवढी कोलिजनं व्हायला हवीत, त्याहून जास्त होताहेत का, आणि होत असतील तर कुठल्या प्रकारच्या इनपुटांवर. दुसरा भाग नवशिके हमखास सोडून देतात. एका यादीवर चोख चालणारं फंक्शन दुसऱ्या यादीवर सपशेल आपटू शकतं. खाली तसं उदाहरण मराठी शब्दांचंच दिलं आहे.

हा लेख साध्या, वेगवान फंक्शनांपुरता आहे : हॅश टेबल (हॅशवरून नोंदीची जागा ठरवणारी रचना), कॅश, डेटाची विभागणी यांसाठी वापरतात ती. पासवर्ड किंवा डिजिटल सही यांच्यासाठी ही फंक्शनं वापरायची नसतात आणि इथल्या चाचण्या पास झाल्या म्हणूनही ती त्या कामाला योग्य ठरत नाहीत.

पायरी १ : फंक्शन बरोबर लिहिलंय याची खात्री

सरावाला दोन फंक्शनं घ्या. पहिलं डीजेबी२, डॅनियल बर्नस्टीन यांच्या नावाने ओळखलं जाणारं. सुरुवातीचा आकडा ५३८१. प्रत्येक बाइटसाठी आधीच्या आकड्याला ३३ ने गुणायचं आणि तो बाइट मिळवायचा. दुसरं एफएनव्ही-१ए, फाउलर, नोल आणि व्हो या तिघांच्या आद्याक्षरांवरून. याची ३२ बिटांची आवृत्ती २१६६१३६२६१ पासून सुरू होते. प्रत्येक बाइटसाठी आधी एक्सऑर (दोन आकड्यांचे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०), मग १६७७७६१९ ने गुणाकार. हा क्रम उलटला, म्हणजे आधी गुणाकार आणि मग एक्सऑर केला, की ते एफएनव्ही-१ होतं. ते वेगळं फंक्शन आहे. नावातल्या त्या एका अक्षरावरून बरेच घोळ होतात.

दोन्हीकडे प्रत्येक पायरीनंतर उत्तर ३२ बिटांत कापायचं असतं. सी भाषेत बिनचिन्ही ३२ बिटांचा प्रकार घेतला की हे आपोआप होतं. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात, म्हणून प्रत्येक पायरीच्या शेवटी ४२९४९६७२९५ शी अँड करा, म्हणजे खालचे ३२ बिटच उरतात. जावास्क्रिप्टमध्ये साधा गुणाकार केला तर २ च्या ५३ व्या घातापुढे खालचे बिट गळून पडतात आणि उत्तर निमूटपणे चुकतं. तिथे ३२ बिटांचा गुणाकार करणारं मॅथ-इमुल वापरा. आणि पायथनचं अंगभूत हॅश फंक्शन तुलनेला घेऊ नका. स्ट्रिंगांसाठी ते प्रोग्रॅम दर वेळी सुरू केला की वेगळा आकडा देतं, कारण ते मुद्दाम तसंच बनवलेलं आहे.

आता पडताळा. रिकाम्या स्ट्रिंगचा हॅश म्हणजे सुरुवातीचाच आकडा : डीजेबी२ ला ५३८१, एफएनव्ही-१ए ला २१६६१३६२६१. एकट्या छोट्या ए चा (बाइट ९७) डीजेबी२ हॅश १७७६७० आणि एफएनव्ही-१ए हॅश ३८२६००२२२०. दुसरा आकडा हातानेही काढता येतो : २१६६१३६२६१ एक्सऑर ९७ म्हणजे २१६६१३६२२८. त्याला १६७७७६१९ ने गुणून ३२ बिटांत कापलं की ३८२६००२२२० येतो. यातला एक जरी आकडा जुळला नाही तर पुढे जाऊ नका. चुकीच्या फंक्शनची कोलिजनं मोजून काहीच कळत नाही.

पायरी २ : इनपुटांची यादी साफ करणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. किमान चार याद्या हव्यात :

– शब्दांची यादी, एक लाखाच्या आसपास;
– क्रमाने येणारे आकडे, ०००००० ते ९९९९९९, मजकूर म्हणून;
– जोडलेली इनपुटं, उदाहरणार्थ ग्राहक क्रमांक, मध्ये रेघ, पुढे तारीख;
– तुमच्या प्रणालीत खरोखर येणारी इनपुटं, जशीच्या तशी.

चौथी यादी मिळत असेल तर बाकीच्या तिन्हींपेक्षा तिला जास्त वजन द्या.

यादीत एकच ओळ दोनदा असली तर तिचं स्वतःशीच कोलिजन मोजलं जातं. आधी यादी सॉर्ट करून पुनरावृत्ती काढा. ओळीच्या शेवटचं नवीन-ओळ चिन्ह आणि विंडोजच्या फाइलींत त्याच्या आधी येणारं कॅरेज रिटर्न, दोन्ही कापा. अर्धी यादी एका प्रकारची आणि अर्धी दुसऱ्या प्रकारची असली की ‘नदी’ आणि ‘नदी अधिक एक न दिसणारा बाइट’ हे दोन वेगळे शब्द होऊन बसतात.

देवनागरीत आणखी एक पेच आहे. ‘ऱ’ एकाच संकेतांकाने (युनिकोडमधल्या क्रमांकाने) लिहिता येतो किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. पुनरावृत्ती काढण्याआधी सगळी यादी एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित, जोडलेल्या रूपात आणा म्हणजे ही भानगड मिटते.

फंक्शनला बाइट द्यायचे, अक्षरं नाहीत. मजकूर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरांचे बाइट करायची प्रचलित पद्धत) रूपांतरित करा आणि तेच सगळीकडे ठेवा. तोच शब्द यूटीएफ-१६ मध्ये दिला तर हॅश वेगळा येईल आणि कोलिजनांचा नकाशाही बदलेल.

पायरी ३ : चाचणीचीच चाचणी

कोलिजन मोजणारा प्रोग्रॅम साधा आहे. हॅश हा निर्देशक आणि त्या हॅशची सगळी इनपुटं त्याच्यासमोर, असा कोश बनवा. ज्या हॅशसमोर एकाहून जास्त इनपुटं असतील ती छापा. नुसती संख्या छापून थांबू नका, जोड्या डोळ्यांनी पाहायच्या आहेत. यादी एक कोटीच्या घरात गेली की कोश स्मृती खाऊ लागतो. तेव्हा फक्त हॅश एका अ‍ॅरेत भरा (एक कोटी हॅश म्हणजे ४ कोटी बाइट), सॉर्ट करा, शेजारी-शेजारी सारखे आलेले आकडे टिपा आणि यादीवरून दुसरी फेरी मारून त्या हॅशचे शब्द शोधा.

हा प्रोग्रॅम तीन गोष्टींवर चालवून बघा. पहिली, जे नापास व्हायलाच हवं ते : नुसती बाइटांची बेरीज. सहा छोट्या इंग्रजी अक्षरांच्या शब्दांची बेरीज ५८२ ते ७३२ यांच्यातच असते, म्हणजे सगळे शब्द १५१ आकड्यांत कोंबले जातात. कोलिजनांचा पूर यायला हवा. दुसरी, जे पास व्हायलाच हवं ते : एसएचए-२५६ या सुरक्षेसाठीच्या भक्कम हॅश फंक्शनच्या उत्तराचे पहिले ३२ बिट. त्याचा आकडा पुढच्या पायरीतल्या अपेक्षेच्या आसपास यायला हवा. तिसरी, एक माहीत असलेली जोडी : इंग्रजी ‘लिक्विड’ आणि ‘कोस्टारिंग’ (स्पेलिंगात मधली रेघ नाही, दोन आर, सगळी छोटी अक्षरं). ३२ बिटांच्या एफएनव्ही-१ए मध्ये या दोघांचा हॅश एकच आहे. तुमच्या प्रोग्रॅमने ही जोडी पकडली नाही तर दोष यादीत आहे नाहीतर मोजणीत.

पायरी ४ : किती कोलिजनं अपेक्षित?

इनपुटं एन आणि शक्य हॅश एम असतील तर कोलिजन होणाऱ्या जोड्यांची अपेक्षित संख्या : एन गुणिले (एन वजा १), भागिले एमची दुप्पट. ३२ बिटांसाठी :

१०,००० इनपुटं : ०.०१
१,००,००० इनपुटं : १.१६
१०,००,००० इनपुटं : ११६
१,००,००,००० इनपुटं : सुमारे ११,६४२

एखादं तरी कोलिजन होण्याची शक्यता निम्मी व्हायला ७७,००० च्या आसपास इनपुटं पुरतात. चार अब्ज जागा आहेत म्हणून लाखभर इनपुटं निर्धास्त, हा हिशेब इथेच कोसळतो. ६४ बिटांमध्ये तोच टप्पा पाच अब्जांच्या जरा पुढे येतो.

चढ-उतार किती चालतो? अपेक्षित संख्येचं वर्गमूळ हे एक माप धरा आणि तीन मापांपर्यंत सोडून द्या. ११६ चं वर्गमूळ जेमतेम ११, तेव्हा १० लाख इनपुटांवर ८४ ते १४८ काहीही आलं तरी तक्रार नाही. अपेक्षा १.१६ असेल तेव्हा मात्र हा नियम लावू नका. तिथे शून्य येण्याची शक्यता ३१ टक्के असते आणि पाच किंवा जास्त येण्याची एका टक्क्याहूनही कमी. लाख शब्दांवर एका फंक्शनला ० आणि दुसऱ्याला ३ कोलिजनं आली म्हणून पहिलं सरस ठरवणं हा निव्वळ आकड्यांचा भास आहे. अशा तुलनांवर पानंच्या पानं खर्ची पडतात.

यादी छोटीच असेल आणि तरी अर्थपूर्ण आकडा हवा असेल तर हॅश कापा. २० बिटांत १०,४८,५७६ जागा आहेत. २०,००० इनपुटांवर १९१ जोड्या अपेक्षित येतात, हा आकडा तोलता येतो. एकदा खालचे २० बिट घ्या, एकदा वरचे २०. दोन्हींचे निकाल वेगळे आले तर फंक्शनचा कमकुवत भाग कुठे आहे ते तिथेच दिसतं.

मोजताना एक काळजी : एकाच हॅशवर तीन इनपुटं आली तर जोड्या तीन होतात पण ‘एकूण इनपुटं वजा वेगळे हॅश’ हा आकडा दोनच येतो. वरचं सूत्र जोड्यांचं आहे. जे मोजाल त्याच्याशीच तुलना करा.

पायरी ५ : अपेक्षेपेक्षा कमी आली तर?

डीजेबी२ ला ०००००० ते ९९९९९९ हे दहा लाख आकडे द्या. अपेक्षा ११६, येतं शून्य. टाळ्या वाजवण्याआधी कारण पाहू. दोन अंकांत जास्तीत जास्त ९ चा फरक असतो आणि प्रत्येक स्थानाचं वजन पुढच्याच्या ३३ पट. ९ कधी ३३ ला पोचत नाही, म्हणून एका स्थानातला फरक दुसऱ्या स्थानातल्या फरकाने फिटत नाही. सहा अंकांपर्यंत एकूण फरक ३२ बिटांच्या बाहेरही जात नाही. इथे हॅश म्हणजे जवळजवळ ३३ पायाच्या पद्धतीत लिहिलेली संख्याच आहे. सारख्या लांबीच्या, फक्त छोट्या इंग्रजी अक्षरांच्या शब्दांनाही हेच लागू पडतं, तिथेही सहा अक्षरांपर्यंत कोलिजन अशक्य.

तेव्हा शून्य म्हणजे गुणवत्ता नव्हे, इनपुटाच्या आणि फंक्शनच्या रचनेचा जुळून आलेला मेळ. इनपुट बदललं की हाच मेळ उलटतो. मोठा ए व छोटा बी (६५, ९८) ही जोडी आणि मोठा बी व मोठा ए (६६, ६५) ही जोडी : दोन्हींचा डीजेबी२ हॅश ५८६२१५२. पहिला बाइट एकाने वाढला, दुसरा ३३ ने घटला, हिशेब बरोबर.

आता हेच देवनागरीवर लावा. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी संकेतांक तीन बाइटांचा असतो. पहिला कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१. ‘न’ म्हणजे २२४, १६४, १६८. एक मात्रा म्हणजे २२४, १६५, १३५. दुसरा बाइट एकाने जास्त आणि तिसरा नेमका ३३ ने कमी. परिणाम : डीजेबी२ च्या लेखी ‘न’ आणि मात्रा यांत फरकच नाही. त्याच हिशेबाने ‘ड’ आणि दुसरी वेलांटी, ‘ढ’ आणि पहिला उकार, ‘ण’ आणि दुसरा उकार, ‘ब’ आणि काना-मात्रा एकमेकांच्या जागी बसतात. साधन आणि साधे, मन आणि मे, धरण आणि धरू, वळण आणि वळू, मरण आणि मरू, जनता आणि जेता : सगळ्या जोड्यांचा हॅश एकच. मराठीत धातूला ‘ण’ लागून नाम होतं आणि ‘ऊ’ लागूनही रूप होतं, त्यामुळे ही कोलिजनं सुटी-सुटी येत नाहीत, रांगेने येतात. दहा हजार शब्दांच्या यादीत अपेक्षा ०.०१ असताना वरच्यातली दोन-तीन जरी निघाली तरी फंक्शन त्या यादीसाठी बाद समजा.

जावाच्या स्ट्रिंग हॅशमध्ये (सुरुवात ०, गुणक ३१, यूटीएफ-१६ चे एकक) याचाच चुलतभाऊ सापडतो. ‘दे’ आणि ‘धन’ दोन्हींचा हॅश ७४९७७. द २३४२, मात्रा २३७५, ध २३४३, न २३४४, गुणून पाहा. इंग्रजीत हाच प्रकार मोठा ए-छोटा ए आणि मोठा बी-मोठा बी या जोडीत दिसतो, दोन्हींचे २११२.

जोड्या डोळ्यांनी पाहायच्या म्हटलं ते यासाठी. योगायोगाची कोलिजनं एकमेकांशी काही नातं नसलेल्या शब्दांत होतात, लिक्विड आणि कोस्टारिंगसारखी. जोडीतले शब्द एकाच साच्यातले दिसू लागले की दोष फंक्शनच्या गणितात आहे.

दोन गुणधर्म लक्षात ठेवले तर फसवे निकाल ओळखता येतात. एफएनव्ही-१ए, डीजेबी२ आणि जावाचं फंक्शन, तिन्हींची प्रत्येक पायरी उलटवता येते, कारण गुणक विषम आहेत. म्हणून सारख्या लांबीची, फक्त एकाच बाइटमध्ये फरक असलेली दोन इनपुटं कधीच सारखा हॅश देत नाहीत. ‘फाइल१’ ते ‘फाइल९’ अशी यादी चाचणीला देणं व्यर्थ आहे, उत्तर आधीच ठरलेलं आहे. दुसरं, दोन शब्दांचा हॅश एकदा जुळला की दोघांच्या मागे तेच शेपूट लावलं तरी तो जुळतच राहतो. लिक्विड आणि कोस्टारिंग दोघांना शेवटी एस जोडा, पुन्हा कोलिजन. शब्दांची सगळी रूपं असलेल्या यादीत एका मूळ कोलिजनाची चार-पाच होतात आणि आकडा फुगतो. अशी घराणी एकच मोजा.

पायरी ६ : बकेटमधली वाटणी

हॅश टेबलमध्ये सगळे ३२ बिट वापरले जात नाहीत. टेबल १०२४ बकेटचं, म्हणजे कप्प्यांचं, असेल तर बहुधा खालचे १० बिटच. पूर्ण हॅशचं कोलिजन शून्य असूनही बकेट भरून वाहू शकतात.

सगळ्यात ठळक उदाहरण पुन्हा डीजेबी२ आणि ते दहा लाख आकडे. ३२ विभागांत वाटा, म्हणजे हॅशला ३२ ने भागून उरणारी बाकी घ्या. ३३ ला ३२ ने भागलं की बाकी १, त्यामुळे गुणाकार निष्प्रभ ठरतो आणि खालचे पाच बिट म्हणजे निव्वळ बाइटांची बेरीज. सहा अंकी आकड्यांची अंकबेरीज २७ च्या आसपास गोळा होते. परिणामी शून्याव्या विभागात ५५,२५२ आकडे येतात आणि सोळाव्यात ८,६६४. समान वाटणी ३१,२५० ची आणि योगायोगाचा चढ-उतार पावणेदोनशेच्या आत-बाहेर असायला हवा होता. सर्व्हरांवर काम वाटायला कुणी हे वापरलं तर एका सर्व्हरवर दुसऱ्याच्या सहापट भार पडेल, आणि कोलिजनांच्या अहवालात तर शून्य लिहिलेलं असेल.

मोजायची रीत : १०२४ बकेट, १०,२४० इनपुटं, सरासरी दर बकेटला १०. प्रत्येक बकेटसाठी (प्रत्यक्ष वजा १०) चा वर्ग, भागिले १०. सगळ्यांची बेरीज म्हणजे काय-वर्ग. चांगल्या फंक्शनला तो १०२३ च्या आसपास येतो, प्रमाण विचलन ४५. म्हणजे साधारण ९३० ते १११५ ठीक. १,५०० आला तर वाटणी विषम. ३०० आला तर वाटणी संशयास्पद नीटनेटकी, फंक्शन तुमच्या इनपुटाची रचना जशीच्या तशी पुढे ढकलतंय. दर बकेटला सरासरी ५ पेक्षा कमी इनपुटं असतील तर या आकड्यावर विसंबू नका.

गणित नको असेल तर झटपट पाहणी : १०२४ बकेट आणि तेवढीच इनपुटं. सुमारे ३७७ बकेट रिकामे, ३७७ मध्ये एक, १८८ मध्ये दोन, ६३ मध्ये तीन, १६ मध्ये चार. रिकाम्या बकेटांचा आकडा पाहून घाबरणारे पुष्कळ असतात. एक तृतीयांशाहून जास्त बकेट रिकामे राहणं हीच यादृच्छिक वाटणीची खूण आहे.

एफएनव्ही-१ए मध्येही सगळ्यात खालचा बिट कच्चा आहे : तो सर्व बाइटांच्या शेवटच्या बिटांच्या एक्सऑरवरच ठरतो. खालच्या १० बिटांसाठी १६७७७६१९ हा गुणक प्रत्यक्षात ४०३ एवढाच उरतो, बाकीचा भाग वरच्या बिटांत जातो. उपाय सोपा : हॅश १६ बिटांनी उजवीकडे सरकवा, मूळ हॅशशी एक्सऑर करा आणि मग खालचे बिट घ्या.

पायरी ७ : हिमस्खलन चाचणी

इनपुटातला एक बिट बदलला की उत्तरातला प्रत्येक बिट निम्म्या वेळा बदलायला हवा. ८ बाइटांची १०,००० यादृच्छिक इनपुटं घ्या, प्रत्येकातला एकेक बिट उलटा करून पाहा आणि ६४ ओळी व ३२ स्तंभांचा तक्ता भरा. प्रत्येक घरात ४८.५ ते ५१.५ टक्के यायला हवेत. एकूण २०४८ घरं असल्यामुळे पाच-सहा घरं या मर्यादेबाहेर जाणं स्वाभाविक आहे. ती तक्त्यात विखुरलेली असतील तर सोडून द्या, एका पट्ट्यात असतील तर नाही.

एफएनव्ही-१ए चा पट्टा शेवटच्या बाइटाच्या ओळींत दिसतो. शेवटच्या बाइटातला फरक २५५ पर्यंत, गुणिले ४०३ म्हणजे १,०२,७६५. हा १७ बिटांत मावतो. गुणकातला दुसरा भाग थेट वरच्या ८ बिटांवर जातो. मधले सात बिट, शून्यापासून मोजले तर १७ ते २३, फक्त हातचा आला तरच हलतात.

यावर मर्मरहॅश-३ या दुसऱ्या एका वेगवान हॅश फंक्शनचं शेवटचं मिश्रण लावता येतं : हॅशचा १६ बिट उजवीकडे सरकवलेल्या स्वतःशी एक्सऑर, २२४६८२२५०७ ने गुणाकार, १३ बिटांनी तोच एक्सऑर, ३२६६४८९९०९ ने गुणाकार, पुन्हा १६ बिटांनी. तक्ता लगेच सुधारतो, बकेटही नीट भरतात. पण पूर्ण ३२ बिटांची कोलिजनं एकानेही कमी होत नाहीत. मिश्रणाची प्रत्येक पायरी उलटवता येते, त्यामुळे आधी सारखे असलेले हॅश सारखेच राहतात. धरण आणि धरू एकाच जागी राहतील, फक्त जागा बदलेल. त्यासाठी मूळ फंक्शनच बदलावं लागतं.

निकाल हातात आल्यावर

हॅश टेबलमध्ये मूळ इनपुटाची तुलना शेवटी होतेच. तिथे थोडी कोलिजनं म्हणजे थोडा जास्त वेळ, चुकीचं उत्तर नव्हे. वाटणी समान असेल तर ३२ बिटांचं साधं फंक्शन पुरतं. पण हॅशलाच ओळख क्रमांक मानून मूळ इनपुट फेकून देणार असाल तर एक कोलिजन म्हणजे एका नोंदीवर दुसरी चढणं. तिथे किमान ६४ बिट, आणि चौथ्या पायरीतलं सूत्र पुढच्या काही वर्षांच्या इनपुटसंख्येवर लावून पाहा, आजच्या नाही.

इनपुट अनोळखी माणसांकडून येत असेल, म्हणजे वेब फॉर्म, फाइलींची नावं, विनंतीतली सदरं, तर वरच्या कुठल्याही चाचणीचा उपयोग नाही. जावाच्या त्या २११२ वाल्या दोन जोड्या एकापुढे एक दहा वेळा हव्या तशा लावल्या की २० अक्षरांच्या १०२४ स्ट्रिंगा तयार होतात, सगळ्यांचा हॅश एकच. अशा स्ट्रिंगांचा मारा करून सर्व्हर ठप्प करता येतो. या कामासाठी गुप्त चावी घेणारं सिपहॅश वापरा. ते ओमासों आणि बर्नस्टीन यांनी २०१२ मध्ये मांडलं. पायथनने ३.४ आवृत्तीपासून तेच घेतलं.

स्वतः फंक्शन रचत असाल आणि इथवरच्या पायऱ्या पार झाल्या असतील तर ऑस्टिन अ‍ॅपलबी यांचा एसएमहॅशर हा चाचणीसंच चालवा. वर आलेल्या प्रकारांशिवाय त्यात तुम्हाला सुचणार नाहीत अशा इनपुटरचना आहेत. फक्त शून्य बाइटांच्या वेगवेगळ्या लांबीच्या स्ट्रिंगा हा त्यातला एक. सुरुवात ० आणि नुसता गुणाकार-बेरीज असेल तर त्या सगळ्यांचा हॅश ० येतो, लांबी काहीही असो.

शेवटी, पडताळ्याचे आकडे आणि माहीत असलेल्या जोड्या प्रकल्पाच्या स्वयंचलित चाचण्यांत कायमच्या घाला आणि त्यांत एक तरी मराठी शब्द ठेवा. सी भाषेत साधा कॅर हा प्रकार इंटेलच्या बहुतेक संगणकांवर चिन्हासहित असतो आणि लिनक्सच्या एआरएम संगणकांवर चिन्हाशिवाय. १२७ पर्यंतच्या बाइटांना फरक पडत नाही, म्हणून इंग्रजी शब्दांच्या चाचण्या दोन्हीकडे पास होतात. देवनागरीचे सगळे बाइट १२७ च्या वर आहेत. २२४ चा उणे ३२ झाला की एकाच शब्दाचा हॅश दोन यंत्रांवर दोन प्रकारचा निघतो, आणि एकावर साठवलेली नोंद दुसऱ्यावर सापडत नाही. फंक्शनमध्ये बाइट वाचतानाच तो बिनचिन्ही ८ बिटांच्या प्रकारात घ्या.